वेफर पेपरवर खाण्यायोग्य चित्रं छापणे : प्रिंटर, शाई आणि मुख्य म्हणजे ओलावा

साखरपेरणी

केकवर फोटो किंवा चित्र छापून लावायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, प्रिंटर कुठला घेऊ. मला विचाराल तर प्रिंटर हा त्यातला सोपा भाग आहे, खरी परीक्षा घेतं ते पाणी. वेफर पेपर म्हणजे बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि किंचित तेल, त्याचं पातळ पीठ दोन तापलेल्या प्लेट्समध्ये दाबून भाजतात की झाला कागद. आणि स्टार्च म्हटल्यावर त्याला जरा ओल लागली की तो ती ओढून घेणारच, आधी मऊ पडतो, मग फुगतो, सुरकुत्या येतात आणि फारच झालं तर विरघळून चिकट लगदा होतो. आता बघा, शाईत पाणी, जेलमध्ये पाणी, क्रीममध्ये पाणी आणि फ्रिजमधून केक बाहेर काढला की हवेतलं पाणी. चित्र कुठेही बिघडलं की उलट पावली मागे जाऊन शोधा, बहुतेक वेळा ओलावाच हाती लागतो. म्हणून हा धागा त्याच अंगाने काढतेय, कोणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

आधी कागदाचं. याला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत, एक खरखरीत, बोट फिरवलं की कळतं आणि उजेडात तिरकं धरलं की दिसतंही. छपाई गुळगुळीत बाजूला करायची, रेषा स्वच्छ येतात. खरखरीत बाजूवर शाई जाळीच्या खड्ड्यांत साचते आणि बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. जाडीचे प्रकार मिळतात, पातळ साधारण ०.३ मिमीचा आणि जाड त्याच्या दुप्पट. केकवर सपाट लावायच्या चित्राला पातळ बरा, तो केकवर लवकर बसतो आणि खाताना जाणवत नाही. जाड कागद उभ्या राहणाऱ्या गोष्टींना, म्हणजे टॉपर, पंख, पाकळ्या वगैरे.

आणि वेफर पेपर व आयसिंग शीट यांच्यात गल्लत करू नका. आयसिंग शीट मागे प्लॅस्टिक लावून येते, तिच्यात स्टार्चबरोबर साखर, ग्लिसरीन वगैरे असतं, ती पांढरीशुभ्र असते, रंग उठून येतात आणि ती क्रीमच्या ओलीने क्रीममध्येच मुरते. वेफर पेपर किंचित पिवळट, अर्धपारदर्शक, रंग मॅट येतात. मग वेफर कशाला घ्यायचा? तर तो हलका, कडक, कापायला सोपा, गोड नसतो, कोरडा ठेवला तर बराच टिकतो, आणि त्याला आकार देता येतो. फुलपाखरू, फुलं, कडेला उभी राहणारी पानं हे आयसिंग शीटने असं हलकंफुलकं होत नाही. पण हुबेहूब फोटोच हवा असेल आणि केक क्रीमचा असेल तर मी स्वतः आयसिंग शीटच घ्या म्हणेन.

चिमूटभर

मस्त धागा, कधीपासून वाट बघत होते. एक शंका, घरात एक जुना इंकजेट पडून आहे, साध्या शाईचा. त्याची कार्ट्रिज काढून, हेड (शाईचे थेंब टाकणारा भाग) नीट धुवून त्यात एडिबल इंक, म्हणजे खाण्यायोग्य शाई, भरली तर चालेल का? बऱ्याच व्हिडिओत असं करताना दाखवतात.

शाईदौत

चिमूटभर, नाही, अजिबात नको. मी प्रिंटर दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून आतलं सांगतो. शाई फक्त कार्ट्रिजमध्ये नसते, ती हेडच्या बारीक वाहिन्यांत असते, हेड जिथे विसावतं त्या रबरी टोपीत असते, पुसणाऱ्या पट्टीवर असते आणि खाली जो स्पंज असतो ना वाया गेलेली शाई शोषणारा, तो तर भरलेलाच असतो. तुम्ही कितीही धुतलं तरी टोपीतली आणि पट्टीवरची जुनी शाई परत हेडला लागते. रोलरवर कागदाचा भुगा आणि शाईचे डाग असतात ते वेगळंच. साध्या शाईतली रसायनं खाण्यासाठी तपासलेली नसतात, त्यामुळे नवा कोरा प्रिंटर, ज्यात पहिल्यापासून एडिबल इंकच गेली आहे, तोच खाण्यासाठी वापरायचा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं, म्हणजे घरातलं कोणी चुकून त्यात साधी कार्ट्रिज टाकणार नाही आणि ऑफिसचे कागदही छापणार नाही.

नवीन प्रिंटरमध्येही एक गोष्ट बघा, कारखान्यातून येताना त्याची छापून चाचणी झालेली असू शकते, म्हणजे हेडमध्ये थोडी साधी शाई राहिलेली असते. म्हणून मुद्दाम खाद्य छपाईसाठीच तयार करून विकतात ते सेट घेतलेले बरे. आणि हेही लक्षात ठेवा की साध्या प्रिंटरची कंपनी तो प्रिंटर खाद्यपदार्थांसाठी आहे असं म्हणत नाही, तेव्हा एडिबल इंक घातल्यावर वॉरंटीचा विषय संपला असंच धरून चाला.

नुसतीवाचक

लेझर प्रिंटर चालेल का? आमच्याकडे तोच आहे.

शाईदौत

नाही. लेझरमध्ये शाई नसते, टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड असते आणि ती जवळपास २०० अंश सेल्सिअसला वितळवून कागदावर चिकटवतात. ते खायचं नसतं आणि त्या उष्णतेत वेफर पेपर करपेल किंवा रोलरला चिकटून बसेल. इंकजेटच हवा.

इंकजेटमध्ये दोन जाती. कॅननच्या बबलजेटमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि त्याच्या जोराने थेंब बाहेर पडतो, एप्सनमध्ये पिझो, म्हणजे विजेने वाकणारा स्फटिक, थेंब ढकलतो. दोन्हींवर खाद्य छपाई करणारे लोक आहेत. कॅननच्या काही मॉडेलांत हेड हाताने काढता येतं, त्यामुळे जाम झालं की कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवता येतं, ही फार मोठी सोय. फक्त त्यात शाई पूर्ण संपेपर्यंत छापत राहू नका, हे थर्मल, म्हणजे शाई तापवणारं, हेड कोरडं चाललं तर जळतं.

आणि प्रिंटर घेताना सगळ्यात आधी कागद कुठून जातो ते बघा. समोरच्या खालच्या ट्रेमधून जाणारा कागद आत पूर्ण उलटा वळून बाहेर येतो, वेफर पेपर त्या वळणावर तडकतो, तुकडे आत अडकतात आणि मग ते चिमट्याने काढत बसा. मागे उभा ट्रे असलेला प्रिंटर घ्या, त्याचा रस्ता बराच सरळ असतो.

साखरपेरणी

शाईदौत, खूप आभार, इतकं नीट कुणी सांगत नाही. कागद प्रिंटरमध्ये घालतानाचं थोडं माझ्याकडून. एका वेळी एकच ताव. बरेच वेफर पेपर पूर्ण ए४ नसतात, थोडे आखूड असतात, तेव्हा सेटिंगमध्ये खरा मोजलेला आकार घाला, नाहीतर चित्र एका बाजूला सरकतं किंवा शाई कागदाबाहेर रोलरवर पडते. रोलर एकदा रंगला की पुढच्या दोनचार तावांच्या पाठीवर डाग.

प्रिंटर कागद पकडतच नसेल तर साध्या ए४ कागदावर वेफर पेपर ठेवून वरची कड टेपने चिकटवतात, त्याने पकड मिळते. पण टेप पूर्ण सपाट हवी, आणि टेप लागलेली पट्टी नंतर कापून टाकायची, ती केकवर जाता कामा नये.

कागदीफूल

मला टेपचा प्रकार आवडत नाही, टेपची कड हेडला घासली तर हेड गेलंच. मी पुढची कड आधी सपाट करून घेते, म्हणजे ताव जड पुस्तकाखाली बेकिंग पेपरमध्ये घालून ठेवायचा, आणि घालताना मागून अगदी हलकासा आधार द्यायचा. कागद पकडला जात नाही याचं कारण बहुतेक वेळा तो वाकडा झालेला असतो हे असतं.

साखरपेरणी

कागदीफूल, मान्य, सपाट कागद असेल तर टेपची गरज पडत नाही. कॅननमध्ये कागद घासू नये अशी एक सेटिंग असते, प्रिव्हेंट पेपर अब्रेजन नावाची, आणि एप्सनमध्ये जाड कागदाची, ती चालू करा. त्याने हेड आणि कागद यातलं अंतर वाढतं. जाड वेफरला तर हे हवंच.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा, शाई किती पडते. लोक हौसेने बेस्ट फोटो आणि ग्लॉसी पेपर निवडतात आणि मग ताव बाहेर येतो तो ओला, जड, मधोमध लाट आलेला. फोटो पेपरला वरचा थर असतो तो शाई धरून ठेवतो, वेफरला तसं काही नाही, जी शाई पडेल ती सरळ स्टार्चमध्ये. प्लेन किंवा मॅट पेपर आणि स्टँडर्ड क्वालिटी ठेवा. बाहेर येतानाच बघा, गडद भाग पडला की छापलेली बाजू फुगते, कडा खालच्या बाजूला वळायला लागतात, आणि वाळताना ती बाजू आक्रसते मग त्याच कडा वर उचलतात. अशा वेळी हात लावायचा नाही, दाबायचा नाही, सपाट जागी उघडा ठेवून द्यायचा. पंख्याखाली नको, एक बाजू आधी वाळते आणि कागद गुंडाळला जातो. पूर्ण कोरडा झाला, बोटाला रंग लागेनासा झाला, की मग बेकिंग पेपरमध्ये घालून वर वजन.

आणि चित्र निवडतानाच विचार करा. पूर्ण काळी किंवा गडद निळी पार्श्वभूमी म्हणजे सगळ्यात जास्त शाई, सगळ्यात जास्त ओल. पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी आणि मधे चित्र, हे वेफरला मानवतं.

रंगपेटी

रंगांबद्दल मी लिहितो, डिझाईनचं काम करतो. एडिबल शाईत पांढरा रंग नसतो, चित्रात जिथे पांढरं तिथे नुसता कागद दिसणार, म्हणजे वेफरवर पांढरं हे पिवळसर पांढरंच. दुसरं, कागद अर्धपारदर्शक, खाली चॉकलेट गनाश (चॉकलेट आणि क्रीमचा लेप) असेल तर सगळं चित्र काळवंडतं. खाली पांढरा फॉन्डंट (लाटून केकवर चढवतात तो साखरेचा गोळा) किंवा पांढरं बटरक्रीम असेल तर ठीक. गडद केकवर लावायचंच असेल तर मागे एक कोरा वेफर पेपर किंवा पातळ पांढरा फॉन्डंट लावा.

काळ्या रंगाची गंमत अशी की एडिबल काळी शाई बहुतेक वेळा इतर खाद्यरंग मिसळून बनवतात, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापला की करड्या छटा हिरवट किंवा जांभळट येतात. अशा फोटोला मुद्दाम हलका सेपिया, म्हणजे जुन्या फोटोसारखा तपकिरी टोन द्या, रंगाची झाक नकोशी वाटण्याऐवजी हवीशी वाटते. चेहऱ्याचे फोटो छापताना सावल्या उचलून घ्या, ब्राइटनेस स्क्रीनवर जरा जास्तच वाटेल इतका ठेवा, आणि लाल थोडा कमी करा, नाहीतर गाल भाजल्यासारखे दिसतात. स्क्रीन उजेड टाकते, कागद टाकत नाही, त्यामुळे छापलेलं नेहमी अंधारंच येणार.

रिझोल्युशन ३०० डीपीआय धरा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ६ इंचाच्या गोल चित्राला १८०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ इंचाला २४००. ए४ ची रुंदी २१० मिमी, म्हणजे सव्वाआठ इंच, त्यातून मार्जिन वजा केली की ८ इंचापेक्षा मोठा गोल एका तावात बसत नाही, मोठ्या केकला दोन तुकडे जोडावे लागतात किंवा कडेला क्रीमची बॉर्डर द्यावी लागते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एकाच तावावर सगळ्या रंगांचे छोटे चौकोन छापून ठेवा, कोणत्या आकड्याला कोणता रंग येतो ते लिहून. दरवेळी नवीन शाई आणली की नवीन चौकोन.

चिमूटभर

रंगपेटी, चौकोनांची आयडिया भारी आहे. आता मूळ प्रश्न, व्हिप्ड क्रीमच्या केकवर वेफर लावता येतो की नाही? काही जण म्हणतात चालतो, काही म्हणतात बघता बघता सुरकुततो.

साखरपेरणी

दोघंही बरोबर आहेत, किती वेळाने बघताय त्यावर आहे. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी भरपूर, ते खालून कागदात चढतं. आधी कडा उचलतात, कारण खालची बाजू भिजून पसरते आणि वरची कोरडीच असते. मग मधे फुगे. मग रंग एकमेकांत उतरायला लागतात, काळ्या रेषेला निळी जांभळी झालर येते.

उपाय म्हणजे मधे चरबीचा थर. वेफरच्या मागच्या बाजूला वितळवून कोमट केलेलं कोको बटर किंवा पांढरं चॉकलेट ब्रशने पातळ लावायचं, कडेपर्यंत, कोपरे सोडायचे नाहीत, आणि गार होऊन घट्ट झालं की मगच क्रीमवर ठेवायचं. स्निग्ध पदार्थातून पाणी सहज जात नाही. चॉकलेट फार गरम लावू नका, कागद वळतो. असं केल्यावर ते चित्र म्हणजे चॉकलेटची पातळ चकतीच होते, कापताना कडकन तुटते, म्हणून मोठं चित्र असेल तर सुरी गरम करून कापायची.

लोणकढी

मी चॉकलेटच्या भानगडीत पडत नाही, क्रीमवर एकदम शेवटी, केक कापायच्या जरा आधी ठेवते. घरच्या कार्यक्रमाला हे सोपं.

साखरपेरणी

लोणकढी, घरी चालेल, पण केक कोणाला द्यायचा असेल, प्रवास असेल, तर ते आपल्या हातात राहत नाही. तिथे मी चॉकलेटचा थर किंवा मग फॉन्डंटच्या चकतीवर लावून ती चकती क्रीमवर, याशिवाय देणार नाही.

बाकी पृष्ठभागांचं सांगते. फॉन्डंटवर पायपिंग जेल (केक सजवायचं गोड पारदर्शक जेल), पण इतकं पातळ की ब्रश जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. जेल कागदाच्या मागे लावा, मधून कडेकडे, आणि लावलं की थांबू नका. चित्र दोन्ही हातांत किंचित वाकवून आधी मध्य टेकवायचा, मग दोन्ही बाजू सोडायच्या, आणि कोरड्या मऊ ब्रशने मधून बाहेर हवा काढत जायचं. कड सगळ्यात शेवटी बसते, ती उचलत असेल तर तिथे परत जेल ओतू नका, बोटाच्या टोकाने क्षणभर धरून ठेवा, कागद मऊ पडला की ती आपोआप बसते. बटरक्रीमवर बहुतेक वेळा काही लावावंच लागत नाही, क्रीम ताजं असेल तर तेच धरतं. वरती साय धरल्यासारखं कोरडं झालं असेल तर मागे व्हेजिटेबल शॉर्टनिंगचा, म्हणजे डालड्यासारख्या घट्ट वनस्पती चरबीचा, पुसट हात. साधं पाणी ब्रशने लावून चिकटवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, माझं सांगणं आहे की मोठ्या चित्राला तो अजिबात पाळू नका, पाण्याचा एक थेंब जिथे जास्त पडेल तिथे भोक.

मधलीसुट्टी

आमच्याकडे हवा फार दमट असते, ताव पाकिटातून काढला की थोड्या वेळात लिबलिबीत होतो. काय करावं? आणि फ्रिजमध्ये ठेवू का?

कागदीफूल

फ्रिजमध्ये मुळीच नाही. बाहेर काढल्याबरोबर थंड कागदावर हवेतली वाफ जमते. हवाबंद पाकीट, सपाट, अंधारी कोरडी जागा, सोबत खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी. लागेल तेवढाच एक ताव बाहेर काढायचा आणि पाकीट लगेच बंद.

उलट फार कोरड्या हवेत ताव वाळलेल्या पानासारखा होतो, हात लावला की तुटतो. तेव्हा वाफाळत्या किटलीपासून लांब, वाफेच्या कडेकडेने क्षणभर फिरवायचा, लगेच लवचिक होतो. पाकळ्या वळवायला मी हेच करते. छापलेला कागद असेल तर वाफ मागच्या कोऱ्या बाजूला द्यायची, शाईच्या बाजूला दिली तर रंग पसरतो. फुलपाखरांना दोन्ही बाजूंनी चित्र हवं असतं, त्यासाठी एकच पातळ ताव दोनदा प्रिंटरमध्ये घालू नका, दुसऱ्या वेळेला तो आधीच वळलेला असतो. दोन वेगवेगळे छापा, दुसरा आरशातल्यासारखा उलटा करून, आणि पाठीला पाठ लावून शॉर्टनिंगने किंवा अगदी पुसट जेलने चिकटवा. मधे खाद्य तार ठेवली तर पंख हवे तसे वाकवता येतात.

मधलीसुट्टी

धन्यवाद कागदीफूल. खाद्य तार म्हणजे?

कागदीफूल

तशी मिळते, लवचिक आणि खाता येणारी, वेफरच्या फुलांसाठीच बनवतात. नसेल तर कागदात लपेटलेली फुलवाली तार चालते, पण ती सरळ केकमध्ये खुपसायची नाही, स्ट्रॉमध्ये घालून मग केकमध्ये, आणि खाणाऱ्याला आधी सांगायचं.

दोनडोळे

मला काळजी रंगांची आहे. लहान मुलांना हे द्यावं का? शाईत नेमकं असतं काय?

शाईदौत

साधारणपणे पाणी, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल, सायट्रिक अ‍ॅसिडसारखं काहीतरी, प्रिझर्व्हेटिव्ह आणि खाद्यरंग. बाटलीवर घटकांची यादी, बॅच नंबर आणि मुदत नसेल तर ती शाई घेऊच नका.

साखरपेरणी

दोनडोळे, तुमची काळजी रास्त आहे, नीट उत्तर देते. पिवळ्यासाठी टार्ट्राझिन, निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू, लालसाठी अल्युरा रेड, कार्मोइसिन किंवा पॉन्सो ४आर, असे रंग यात येतात. कुठल्या देशात कुठला चालतो हे वेगवेगळं आहे, एका देशात चालणारी शाई दुसरीकडे चालेलच असं नाही. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०१० पासून सहा रंगांसाठी लेबलवर इशारा लिहावा लागतो की मुलांच्या चंचलपणावर आणि लक्ष देण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यात हे टार्ट्राझिन आणि वरचे तिन्ही लाल आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड, ई १७१, ज्याने आयसिंग शीट पांढरी करतात, तो तिथे २०२२ मध्ये अन्नातून बंद झाला, त्यामुळे शीट घेताना घटक वाचा. अमेरिकेतही तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, जानेवारी २०२५ मध्ये रेड नंबर ३ या लाल खाद्यरंगाचा परवाना काढून घेतला. मी काय करते तर केक ज्यांच्यासाठी आहे त्यांना शाईच्या बाटलीवरची यादी फोटो काढून पाठवते. कोणाला एखाद्या रंगाची अ‍ॅलर्जी असते, ते आधीच कळलेलं बरं. वेफर पेपर बटाट्याचा, म्हणजे ग्लूटेन नसतं, पण कारखान्यात बाकी काय बनतं ते पाकिटावर बघायचंच.

चित्रावर चमक म्हणून सोनेरी चंदेरी पावडर लावतात त्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. डबीवर नॉन टॉक्सिक लिहिलं म्हणजे ती खायची आहे असा अर्थ होत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाच्या केकवरच्या अशा पावडरीने सहा मुलं आजारी पडली, पावडरीत तांबं निघालं, आणि पुढच्या वर्षी मिसुरीत एका मुलाच्या बाबतीत शिसं. डबीवर एडिबल आणि घटकांची यादी, दोन्ही असेल तरच.

दोनडोळे

बापरे, हे माहीत नव्हतं. डब्या तपासते आजच.

रंगपेटी

अजून एक, उजेड. खाद्यरंग उन्हात फार लवकर उडतात, सगळ्यात आधी गुलाबी. जांभळं चित्र खिडकीशी ठेवलं की निळं होतं ते यामुळेच, त्यातला गुलाबी निघून जातो. आधी छापून ठेवायचं असेल तर अंधारात ठेवा, आणि केक मांडतानाही ऊन आणि जवळचे प्रखर दिवे टाळा.

आणि माझ्या व्यवसायातली गोष्ट म्हणून सांगतो, कार्टूनमधली पात्रं, खेळांच्या संघांचे लोगो, दुसऱ्याने काढलेली चित्रं छापून केक विकणं हा कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचा प्रश्न आहे. ती चित्रं कोणीतरी कष्टाने काढलेली असतात. विक्रीसाठी परवाना असलेली चित्रं वापरा किंवा स्वतः काढा, मुलांनी काढलेलं चित्र स्कॅन करून छापलं तर त्यासारखा आनंद नाही.

लोणकढी

मुलांचं चित्र! हे करणारच. पेन्सिलीच्या फिक्या रेषा येतील का छापून?

रंगपेटी

स्कॅन केल्यावर कॉन्ट्रास्ट वाढवा, कागदाचा करडेपणा पूर्ण पांढरा करा, रेषा थोड्या जाड करा. पार्श्वभूमी कोरी राहिल्याने शाई कमी पडते, म्हणजे वेफरवर असली चित्रंच सगळ्यात सुंदर येतात.

चिमूटभर

शेवटचा प्रश्न, मी महिन्यातून एखादाच केक करते, मधल्या काळात प्रिंटरचं काय? जाम होतो असं ऐकलंय.

शाईदौत

होतो. ग्लिसरीन असलं तरी शाई नोझलच्या तोंडाशी वाळून चिकट होते. तीनचार दिवसांनी एकदा साध्या कागदावर सगळे रंग येतील असं छोटं चित्र छापा. एवढं जमणार नसेल तर क्लीनिंग फ्लुइडची कार्ट्रिज घालून, पानावर रंग यायचा थांबेपर्यंत छापून, तशीच ठेवून द्या, आणि शाईच्या कार्ट्रिजची तोंडं बंद करून झिपच्या पाकिटात. केकच्या आदल्या दिवशी नोझल चेक, रेषा तुटल्या असतील तर एक क्लीनिंग, मग थोडा वेळ थांबून परत चेक. पाठोपाठ क्लीनिंग मारत सुटू नका, ती सगळी शाई खालच्या स्पंजमध्ये जाते आणि त्यात किती शाई गेली ते मोजणारा प्रिंटरमधला काउंटर भरला की प्रिंटर छापणंच बंद करतो.

आणि प्रत्येक वेळी पहिला ताव वेफरचा नको, आधी साध्या कोऱ्या कागदाचे ताव घालून रोलर पुसून घ्या. तो कागद केकवर जाणार नाही, पण रोलरवरची धूळ त्याच्यावर जाते.

चिमूटभर

समजलं. महिन्याला एकच केक असेल तर प्रिंटर न घेता कोणाकडून तरी छापून घ्यावं असं वाटायला लागलंय.

साखरपेरणी

चिमूटभर, अगदी योग्य विचार आहे. छापून देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, प्रिंटर फक्त खाद्य शाईचाच आहे ना, आणि शाईची घटक यादी दाखवाल का. दोन्हीचं उत्तर न कचरता मिळालं तर चित्र पाठवा. ताव हातात आला की पाकीट केक तयार होईपर्यंत उघडू नका.

नुसतीवाचक

खाताना हा कागद तोंडात चिकटतो का हो? कोणी लिहिलंच नाही त्याबद्दल.

साखरपेरणी

नुसतीवाचक, चांगलं विचारलंत. कोरडा वेफर टाळूला चिकटतो आणि मग विरघळतो, चव जवळजवळ नसतेच. बटरक्रीमवर काही तास बसलेला मऊ होतो आणि घासाबरोबर जातो, पण जाड कागदाचा मोठा तुकडा असेल तर सुरीला ओढला जातो, खालचं क्रीमही सोबत येतं. म्हणून मोठं चित्र पातळ कागदावर, आणि कापताना सुरी दाबून ओढायची नाही, टोकाने आधी चित्रावर रेघ मारून घ्यायची आणि मग सरळ खाली. फुलं आणि उभे पंख मात्र कापायच्या आधी काढून बाजूला ठेवा.

लोणकढी

रेघ मारून कापायचं लक्षात ठेवते. मुलांची चित्रं आज स्कॅन करते, जमलं की फोटो टाकते इथे.

साखरपेरणी

नक्की टाका, आणि छापताना कुठली सेटिंग ठेवली तेही लिहा.